विश्लेषण : स्वस्तातली बेस गिटार घ्यायची, पण फ्रेटवाली की फ्रेटलेस?

हौशी वादकाच्या आवाक्यातल्या किमतीत आज बरी इलेक्ट्रिक बेस गिटार मिळते. कॉलेजचा बँड, चर्चमधला वाद्यवृंद, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा किंवा घरातल्या घरात केलेले रेकॉर्डिंग, सगळीकडे बेस वाजवणाऱ्याची गरज असते आणि तो सहजी सापडत नाही. तरीही हौसेने घेतलेली गिटार काही महिन्यांत कपाटावर जाते. ‘मुलाला जमले नाही’ असे म्हणून घरचेही विषय संपवतात. पुष्कळदा दोष बोटांचा नसतो, खरेदीचा असतो. त्यातच हल्ली समाजमाध्यमांवर फ्रेटलेस बेसचे घरंगळणारे सूर ऐकून ‘पहिलीच फ्रेटलेस घेऊ का?’ असा प्रश्न नवशिके विचारू लागले आहेत. पैसे मोजके असतील तर या प्रश्नाचे उत्तर काय असावे?

बेस गिटारचे काम काय?

गाण्यात तबला किंवा ड्रम ताल धरतात आणि कीबोर्ड किंवा गिटार सुरांची चौकट देतात. या दोघांना जोडणारा खालचा सूर बेसचा असतो. चार तारांच्या बेस गिटारीच्या तारा जाड असतात आणि त्या ई, ए, डी, जी अशा लावल्या जातात. सर्वात जाड मोकळी ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. तारेची नटपासून ब्रिजपर्यंतची प्रचलित लांबी 34 इंच म्हणजे जवळपास 864 मिलिमीटर असते. लहान हातांसाठी 30 इंचांच्या आसपासची ‘शॉर्ट स्केल’ गिटारही मिळते. शाळकरी मुलांनी आणि बोटे आखूड असलेल्यांनी ती आधी हातात घेऊन पाहावी, तिला कमी प्रतीची समजू नये.

हिंदी चित्रपटसंगीतात हे काम अनेक दशके चालत आले आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ, ए. आर. रहमान यांच्या गाण्यांतले चेन्नईचे कीथ पीटर्स, आजची मुंबईकर मोहिनी डे ही त्यातली ठळक नावे. गाणे ऐकताना त्यांच्याकडे लक्ष जात नाही, पण बेस काढून टाकला की गाणे पोकळ वाटू लागते.

फ्रेट असण्या-नसण्याने काय बदलते?

फ्रेट म्हणजे सतारीच्या भाषेत पडदा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येणारे असतात. गिटारीचे मात्र धातूच्या बारीक पट्ट्यांचे आणि लाकडात ठोकून बसवलेले असतात. बोट दोन फ्रेटच्या मधे कुठेही दाबले तरी सूर त्या पट्टीवरच ठरतो. फ्रेटलेस गिटारीत या पट्ट्या नसतात. तार थेट लाकडी फिंगरबोर्डवर दाबली जाते आणि बोट जिथे असेल तिथला सूर उमटतो.

आपल्याकडच्या वाद्यांत सांगायचे तर हा फरक पेटी आणि सारंगीतल्या फरकासारखा आहे. पेटीवर पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, पण मींड काढता येत नाही. सारंगीवर मींड हवी तशी निघते, पण सूर पक्का ठेवण्याची जबाबदारी वादकाच्या बोटांवर आणि कानांवर येते. फ्रेटलेस बेसच्या आवाजात आणखी एक गंमत असते. कंप पावणारी तार लाकडाला हलकेच घासत राहते आणि सूर उमलत गेल्यासारखा ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी ज्याने लक्ष देऊन ऐकली आहे, त्याला या आवाजाची ओढ का वाटते हे वेगळे सांगायला नको. गझल, संथ भावगीत, जॅझ, शास्त्रीय रागांवरचे फ्यूजन यांत तो खुलतो. नाचाची गाणी, रॉक, अंगठ्याने तार आपटून वाजवायची ‘स्लॅप’ शैली यांना फ्रेटचा ठसठशीत आवाज लागतो.

फ्रेटलेसचा जन्म स्वस्त गिटारीतूनच?

मोठ्या प्रमाणावर खपलेली पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणली. तिचे नाव ‘प्रिसिजन बेस’. त्याआधी बेस वाजवणाऱ्याला माणसाएवढ्या उंचीचा, बिनफ्रेटचा डबल बेस घेऊन फिरावे लागे. नव्या वाद्यावर फ्रेट असल्याने सूर अचूक लागे, म्हणून हे नाव. म्हणजे फ्रेट ही त्या काळी वादकाला मिळालेली सोय होती.

ती सोय काढून टाकण्याचा किस्सा मजेशीर आहे. पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेलेले बिल वायमन यांनी 1961 मध्ये एक स्वस्त, वापरलेली बेस गिटार घेतली. तिचे फ्रेट खडखडत होते. नवे बसवायचे म्हणून त्यांनी ते उपटले, मोकळ्या लाकडावरचा आवाज आवडला आणि नवे फ्रेट बसवायचे राहूनच गेले. कारखान्यात बनलेली फ्रेटलेस बेस ‘अँपेग’ कंपनीने 1966 मध्ये आणली, फेंडरने 1970 मध्ये. या आवाजाला खरी प्रसिद्धी मिळाली ती जॅको पास्टोरियस यांच्यामुळे. त्यांची गिटार 1962 ची फेंडर जॅझ बेस होती. तिच्या फ्रेटच्या खाचा भरून फिंगरबोर्डवर होड्यांसाठी वापरतात तशा इपॉक्सीचा कडक थर दिलेला होता. त्यांचा पहिला अल्बम 1976 मध्ये आला आणि फ्रेटलेस म्हणजे काय हे जगभरच्या वादकांना कळले.

या दोन्ही गोष्टींतून आजच्या ग्राहकाने घेण्यासारखा मुद्दा एकच आहे. फ्रेटलेस ही महागड्या शोकेसमधली वस्तू नाही. हाताशी असलेल्या साध्या गिटारीतून ती घडवता येते आणि त्यासाठी आधी ती साधी गिटार वाजवता यावी लागते.

मग पहिली गिटार कोणती?

प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. बजेट मर्यादित असेल तर पहिली गिटार चार तारांची, फ्रेटवालीच घ्यावी. त्याची कारणे तीन.

पहिले कारण लाकडाचे. फ्रेटवाल्या गिटारीत तार धातूला टेकते. फिंगरबोर्डचे लाकूड मध्यम प्रतीचे असले तरी काम भागते. एखादा फ्रेट वर आला असेल तर कारागीर तेवढाच ठोकून किंवा घासून सरळ करतो. फ्रेटलेसमध्ये फिंगरबोर्ड हाच फ्रेट असतो. त्यात कुठे उंचवटा असला तर सूर तिथे खडखडतो किंवा मरतो आणि सगळा फिंगरबोर्ड तासून घ्यावा लागतो. शिवाय गुंडाळीचा खरखरीत पीळ असलेल्या ‘राउंडवाउंड’ तारा मऊ लाकडाला चरे पाडतात. फ्रेटलेसमध्ये फ्रेट ठोकण्याचे काम वाचते, त्यामुळे ती स्वस्तात चांगली मिळायला हवी, असा युक्तिवाद केला जातो. तो निम्माच खरा आहे. वाचलेले श्रम लाकडाच्या सपाटीवर खर्च झाले तरच त्याचा फायदा होतो आणि स्वस्त गिटारीत त्याची खात्री नसते.

दुसरे कारण कानाचे. अंतराचे गणित पाहिले तर फ्रेटलेस वाटते तितकी निर्दयी नाही. नटजवळ अर्ध्या सुराचे अंतर सुमारे 48 मिलिमीटर असते. बोट 5 मिलिमीटर चुकले तर सूर अर्ध्या सुराच्या दहाव्या भागाने हलतो. बाराव्या फ्रेटच्या जागी हीच चूक व्हायला अडीच मिलिमीटर पुरतात. घरात शांतपणे हे सांभाळता येते. पण मंडपात, कर्ण्यांच्या गदारोळात, स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना नवशिक्याने सूर पकडायचा कसा? आणि बेस थोडा जरी बेसूर झाला तरी गायकासह सगळेच बेसूर वाटू लागतात.

तिसरे कारण बाजाराचे. फ्रेटवाल्या बेस गिटारीत स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कॉर्ट अशा कंपन्यांची प्राथमिक मॉडेल भारतात सहज मिळतात, वाजवून पाहता येतात आणि नको झाली तर विकताही येतात. स्वस्त फ्रेटलेसचे पर्याय आपल्याकडच्या दुकानांत मोजकेच असतात. परदेशातून मागवली तर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी लागून ‘स्वस्त’ उरत नाही. नग सदोष निघाला तर परत पाठवणेही परवडत नाही.

याला अपवाद आहे. जो आधीपासून व्हायोलिन किंवा सारंगी वाजवतो, किंवा वर्षानुवर्षे तंबोऱ्यावर गायला आहे, त्याचा कान तयार असतो. त्याने पहिलीच फ्रेटलेस घ्यायला हरकत नाही. पण त्यानेही ती प्रत्यक्ष वाजवून घ्यावी.

पैशांची वाटणी कशी करावी?

ओळखीच्या कंपन्यांच्या प्राथमिक बेस गिटारी साधारण 15 ते 30 हजार रुपयांच्या टप्प्यात मिळतात. सर्वात मोठी गफलत इथे होते, ती म्हणजे सगळे पैसे गिटारीवरच घालवणे. हातात 25 हजार रुपये असतील तर 15 हजार गिटारीला, 6 हजार छोट्या बेस अ‍ॅम्पला किंवा हेडफोन अ‍ॅम्पला, अडीच हजार सेटअप आणि नव्या तारांना आणि उरलेले दीड हजार पट्टा, केबल व पिशवीला, अशी वाटणी करावी. ट्यूनरसाठी फोनवरचे अ‍ॅप पुरते.

सेटअप म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक, नटच्या खाचा आणि ब्रिज कारागिराकडून नीट करून घेणे. कारखान्यातून निघालेली गिटार जहाजातून, गोदामातून, वेगवेगळ्या हवामानांतून आपल्यापर्यंत येते. तिचे लाकूड हललेले असते. हे काम केले नाही तर तारा उंच राहतात, बोटे दुखतात आणि मूल वाद्य सोडते. नीट सेटअप केलेली 15 हजारांची गिटार, तशीच खोक्यातून काढलेल्या 30 हजारांच्या गिटारीपेक्षा नवशिक्याला जास्त काळ साथ देते. यंत्रावर कापलेले लाकूड आज स्वस्त गिटारीतही बऱ्यापैकी अचूक असते. महाग गिटारीत फरक असतो तो पिकअप, खुंट्या आणि हाताने केलेल्या शेवटच्या कामाचा. त्यातले शेवटचे काम तुम्ही स्थानिक कारागिराकडून करून घेऊ शकता.

एक सावधगिरी. साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्या आवाजात वाजवू नये. त्याचा स्पीकर खालच्या सुरांसाठी बनवलेला नसतो आणि तो फाटू शकतो. घरच्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही आधी बघावे.

दुकानात काय तपासायचे?

गिटार ट्यून करून द्यायला सांगा. मग पुढच्या गोष्टी पाहा.

एक, नेक. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असावी. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर नेकच्या आतला लोखंडी ट्रस रॉड फिरवून ती सुधारते का, ते दुकानदारालाच करून दाखवायला सांगा. ट्रस रॉड फिरतच नसेल तर गिटार घेऊ नका.

दोन, तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिलिमीटर ही नवशिक्याला सोयीची उंची.

तीन, प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळवाणे वाटले तरी पाच मिनिटांचे काम आहे. कुठे खडखड होते, कुठे सूर लगेच मरतो, ते कळेल. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर थोडा लवकर विझणे बऱ्याच गिटारींत आढळते. फारच विझत असेल तर दुसरा नग मागा.

चार, नेकच्या कडेवरून बोट फिरवा. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन बोचतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे हमखास जाणवते. उलट कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने नेकचा बाक बदलतो. म्हणून ऋतू बदलला की एकदा तपासणी करून घेणे चांगले.

पाच, वजन. पट्टा लावून दहा मिनिटे उभे राहा. बेस गिटार साधारण 4 किलोंची असते. हात सोडल्यावर नेक जमिनीकडे झुकत असेल तर पुढे डाव्या खांद्याला त्रास होईल.

सहा, नॉब फिरवताना खरखर येते का आणि बॅटरीवर चालणारी ‘अ‍ॅक्टिव्ह’ गिटार असेल तर बॅटरीचा कप्पा गंजलेला नाही ना, ते पाहा. पहिल्या गिटारीला बॅटरी नसलेली ‘पॅसिव्ह’ रचना पुरेशी आहे.

आणि ऑनलाइन व्हिडीओ पाहून आवाज ठरवणार असाल तर हेडफोन लावाच. हा मजकूर ज्या फोनवर तुम्ही वाचत आहात, त्याचा स्पीकर 41 कंपनांचा सूर नीट वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर. दोन गिटारींतला फरक नेमका तिथेच हरवतो.

पाच तारांची घ्यावी का?

पाचवी जाड बी तार मिळाली की आणखी खालचे सूर मिळतात आणि आजच्या चित्रपटसंगीतात ते लागतात. पण कमी किमतीच्या पाचतारी गिटारीत हीच तार ढिली आणि धूसर वाजण्याची शक्यता जास्त असते. तेवढ्याच पैशांत चारतारी अधिक चांगली येते. अधूनमधून खालचा सूर हवा असेल तर ई तार डीपर्यंत उतरवून काम भागते.

जुनी गिटार घेण्यात धोका आहे का?

धोका आहे, पण फायदाही मोठा आहे. कॉलेज संपले, नोकरी लागली, बँड मोडला की गिटार विक्रीला येते. मुंबई, पुणे, गोवा, वसई अशा ठिकाणी बँड वाजवणाऱ्यांच्या ओळखीतून चांगल्या गिटारी मिळतात. वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात, नेक आणि अंग यांच्या सांध्यात तडा आहे का पाहावे आणि फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नयेत. नव्या स्वस्त गिटारीच्या किमतीत वापरलेली एक पायरी वरची गिटार मिळत असेल तर ती घ्यावी.

मग फ्रेटलेस कधी आणि कशी?

वर्षभर फ्रेटवाली वाजवल्यावर, आपण कोणते संगीत वाजवतो हे कळल्यावर. तेव्हाही पहिली गिटार विकून महागडी फ्रेटलेस घेण्यापेक्षा दुसरी एखादी वापरलेली, नेक स्क्रूने बसवलेली स्वस्त गिटार शोधावी आणि कारागिराकडून तिचे फ्रेट काढून घ्यावेत. फ्रेट तापवून अलगद उपटतात, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या भरतात, फिंगरबोर्ड सपाट घासतात. फ्रेटची उंची गेल्यामुळे नटच्या खाचाही खोल कराव्या लागतात. हे शेवटचे काम विसरले तर तारा उंचच राहतात. काम बिघडले तरी नेक बदलता येते, म्हणून स्क्रूची अट. आपल्या एकुलत्या एका गिटारीवर हा प्रयोग करू नये.

खाचांत फिकट लाकूड भरून रेषा दिसत्या ठेवाव्यात. जुन्या फ्रेटच्या रेषेवरच बोट ठेवायचे असते, रेषांच्या मधे नाही. फ्रेटवालीची सवय असलेल्यांचा पहिला गोंधळ इथे होतो. रेषा दिसत असल्या म्हणजे कमीपणा आहे, असे मानण्याचे कारण नाही. तारा शक्यतो गुळगुळीत ‘फ्लॅटवाउंड’ घ्याव्यात. त्या महाग असतात, पण लाकूड वाचते आणि त्या टिकतातही जास्त.

रियाजाला आपल्याकडे अशी एक सोय आहे जी पाश्चात्त्य वादकाला सहसा सुचत नाही. फोनवर तंबोऱ्याचे अ‍ॅप लावावे, षड्ज पकडावा, मग पंचम, मग बाकीचे सूर. डोळे रेषेवरून हळूहळू उचलावेत. सूर जुळला की तंबोऱ्यात विरघळतो, चुकला की लगेच टोचतो. रोज पंधरा मिनिटे असे केले तर काही महिन्यांत कानाला बोटाची जागा सांगता येऊ लागते.

सारांश, आधी फ्रेटवाली चारतारी, तिच्याबरोबर सेटअप आणि अ‍ॅम्प, वर्षभर रियाज आणि मग हवी असेल तर घडवून घेतलेली फ्रेटलेस. या क्रमाने गेल्यास बऱ्याचदा एका महाग गिटारीच्या पैशांत दोन्ही आवाज घरात येतात. पालकांनीही गिटार घेऊन देताना किमतीच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा : सेटअप कोण करून देणार? ज्या दुकानात याचे नीट उत्तर मिळते, तिथून घेतलेली गिटार कपाटावर जाण्याची शक्यता कमी.